१९३१ साली गांधीजी लँकेशायरमधल्या ज्या गिरणगावात उतरले होते, तिथल्या लोकांना आज त्यातलं काही आठवतं का?

तुम्ही विचारलंय की परदेशी कापडावरच्या बहिष्काराने ज्यांचं काम गेलं त्याच इंग्रज गिरणी कामगारांनी गांधीजींचं स्वागत केलं, हे खरं आहे का, ते गाव कोणतं, आणि तिथे अजून कुणाला ते आठवतं का. स्वागत झालं हे खरं आहे. गावाचं नाव डार्वेन. मी १९९९ पासून तिथे राहते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

डार्वेन ब्लॅकबर्नच्या दक्षिणेला, दोन्ही बाजूंनी माळरानाचे डोंगर असलेल्या खोऱ्यात वसलंय. जुने लोक गावाचं नाव ‘डॅरन’ असं उच्चारतात. उतारावर दगडी घरांच्या रांगा, एका घराची भिंत दुसऱ्याला चिकटलेली. पश्चिमेकडून ओला वारा येतो आणि वर्षातले कितीतरी दिवस पाऊस भुरभुरत असतो. हीच ओल इथल्या धंद्याला मानवली. दमट हवेत सूत कमी तुटतं.

नवऱ्याची नोकरी ब्लॅकबर्नला म्हणून आम्ही इथे आलो. पहिल्या दिवशी गाडीतून उतरल्यावर मला काय दिसलं असेल तर धुराडं. मुंबईच्या गिरण्यांच्या वस्तीत, लालबागमध्ये वाढलेल्या मुलीला धुराड्याचं काय कौतुक, पण हे धुराडं म्हणजे मनोराच होता. व्हेनिसच्या घंटाघराच्या धर्तीवर बांधलेलं, ३०३ फूट उंच, वर नक्षीदार कठडा. गिरणीचं नाव विचारलं तर कळलं, ‘इंडिया मिल’. एक्लस शॉरॉक नावाच्या मालकाने ती बांधली आणि धुराडं १८६७ मध्ये पुरं झालं.

या सालाकडे लक्ष द्या. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं होतं आणि तिथला कापूस लँकेशायरला येईनासा झाला. इथे त्या काळाला ‘कापसाचा दुष्काळ’ म्हणतात. हजारो घरांतल्या चुली विझल्या. त्या वेळी आपला वऱ्हाडचा, खानदेशचा, गुजरातचा कापूस मुंबईहून लिव्हरपूलला जायला लागला. तिथल्या बाजारात आपल्या अमरावतीच्या नावाचा कापूस होता, हिंगणघाटच्या नावाचा होता, आणि या सगळ्याला मिळून ‘सुरती’ म्हणत. आखूड धाग्याचा आणि कचरा असलेला हा कापूस इथल्या कामगारांना नकोसा वाटे. ‘देवा, कापूस दे, पण सुरती देऊ नकोस’ अशी प्रार्थना तेव्हा म्हटली गेली, असं अजून सांगतात. त्याच कापसाच्या पैशाने मुंबईत शेअरबाजाराचं वेड लागलं आणि १८६५ मध्ये सगळं कोसळलं. त्या तेजीत गब्बर झालेल्या प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून पुढे राजाबाई टॉवर उभा राहिला, २८० फुटांचा. डार्वेनच्या धुराड्याहून थोडा बुटका, पण दोन्ही मनोऱ्यांच्या मुळाशी कापूसच. मुंबईला गेले की ओव्हलवरून मी त्या टॉवरकडे बघते आणि मला आमच्या गल्लीतून दिसणारं धुराडं आठवतं.

ब्लॅकबर्न आणि डार्वेनच्या मागांवर हिंदुस्थानच्या बाजारासाठी कापड निघायचं, त्यात धोतरं भरपूर. ज्यांनी धोतर नेसलेला माणूस आयुष्यात पाहिला नव्हता त्या बायका दिवसभर रंगीत काठाची धोतरं विणत. पहिल्या महायुद्धाच्या आधी, १९१३ मध्ये, ब्रिटनमधून बाहेर गेलेल्या सुमारे ७०० कोटी वार सुती कापडापैकी ३०० कोटी वारांच्या आसपास एकट्या हिंदुस्थानात गेलं. १९३१ उजाडेपर्यंत त्याचा लहानसा हिस्साच उरला होता. त्याला एकटी खादी कारण नव्हती. जगभर मंदी होती, जपानचं स्वस्त कापड आलं होतं, आयात जकात वाढली होती. शिवाय आपल्या मुंबई-अहमदाबादच्या गिरण्या तेच कापड घरच्या घरी काढत होत्या. म्हणजे डार्वेनचे माग बंद पाडण्यात माझ्या आजोबांच्या साच्यांचाही (मुंबईच्या गिरण्यांत मागाला साचा म्हणतात) वाटा होता. हे मला फार उशिरा कळलं. कळल्यावर मी गावातल्या म्हाताऱ्या माणसांशी जास्त बोलायला लागले.

आता गांधीजींबद्दल. दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी ते लंडनला आले होते आणि ईस्ट एंडमधल्या किंग्जली हॉलमध्ये, गरीब वस्तीत राहत होते. तिथून ते २५ सप्टेंबर १९३१ ला, शुक्रवारी, रेल्वेने डार्वेनला आले आणि स्प्रिंग व्हेलच्या गार्डन व्हिलेजमध्ये क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथातल्या एका कुटुंबाच्या घरी मुक्कामाला राहिले. तुम्ही तो प्रसिद्ध फोटो पाहिला असेल. पांढऱ्या शालीत गुंडाळलेले गांधीजी, भोवती गिरणीतल्या बायकांचा घोळका, हात वर, तोंडं हसरी. तो दुसऱ्या दिवशीचा, २६ तारखेचा, डार्वेनच्या ग्रीनफील्ड मिलमधला.

ते गोड बोलून सुटले नाहीत, याचं मला विशेष वाटतं. त्यांनी बहिष्कार मागे घेतला नाही. तुमच्याकडे तीस लाख बेकार आहेत, आमच्याकडे वर्षातले सहा महिने तीस कोटी लोक बेकार असतात, असं त्यांनी सांगितलं. तुमचा बेकारभत्ता किती आणि आमच्या माणसाची महिन्याची कमाई किती, तेही त्यांच्यापुढे मांडलं. ऐकणाऱ्यांपैकी एक बेकार कामगार म्हणाला, मी हिंदुस्थानात असतो तर मीही गांधींसारखंच बोललो असतो. गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई बरोबर होते, त्यामुळे ही बोलणी नोंदली गेली.

याच्या जेमतेम नऊ महिने आधी, १२ डिसेंबर १९३० ला, मुंबईत काळबादेवीला परदेशी कापडाच्या ट्रकसमोर आडवा होऊन बाबू गेनू गेला होता. आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा, वयाने बावीसच्या आसपास, आणि स्वतः गिरणी कामगार. शाळेत आम्ही त्याच्यावर निबंध लिहायचो. ते कापड विणणारे हात कुणाचे असतील हा प्रश्न मला तेव्हा कधीच पडला नाही.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मी शेजारच्या आजींवरून देऊ शकते. त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्या १९२६ च्या, म्हणजे गांधीजी आले तेव्हा पाच वर्षांच्या. आई विणकर, आणि त्या वेळी घरी बसलेली. आई त्यांना कडेवर घेऊन बघायला गेली. आजींना आठवत होते ते फक्त पाय. सप्टेंबरच्या थंडीत उघडे, बारीक पाय. “आई घरी येऊन म्हणाली, त्या बिचाऱ्याला कुणीतरी मोजे द्यायला हवे होते,” असं त्या सांगायच्या. वडील मात्र गेले नाहीत. त्यांनी त्या दिवशी दार लावून घेतलं आणि जेवणाच्या टेबलावरही तो विषय काढू दिला नाही. त्यामुळे ‘कामगारांनी स्वागत केलं’ हे वाक्य मी पुरं मानत नाही. एकाच घरात बायको स्वागताला गेली आणि नवरा नाही गेला, असंही होतं. आजी वडिलांना कधी दोष देत नसत. “चार पोरं होती, लव्ह,” एवढंच म्हणत.

त्या काळात इथल्या विणकरांवर आणखी एक संकट होतं. लँकेशायरचा विणकर साधारणपणे चार माग सांभाळायचा, आणि मालकांना एका माणसाकडून आठ माग चालवून हवे होते. त्यावरून १९३१ च्या सुरुवातीलाच शेजारच्या बर्न्लीत टाळेबंदी झाली. १९२८ मध्ये मुंबईत सहा महिन्यांचा संप झाला, त्यातलं एक मोठं कारण दोनऐवजी तीन साचे चालवायला लावण्याचं होतं. समुद्राच्या दोन बाजूंना मालक एकच गणित करत होते, आणि कामगारांना वाटत होतं की आपलं काम पलीकडचा माणूस खातोय.

डार्वेनच्या लोकांचा स्वभाव समजायचा असेल तर टेकडीवरचा बुरूजही चढून बघा. माळावरच्या पायवाटा जमीनदाराने शिकारीसाठी बंद केल्या, तेव्हा इथली साधी माणसं खटले अंगावर घेऊन त्याच वाटांनी चालत राहिली. १८९६ मध्ये त्यांनी माळावर फिरण्याचा हक्क मिळवला. १८९८ मध्ये उघडलेला तो बुरूज नावाला राणीच्या हीरक महोत्सवाचा असला तरी गावाला त्यात आपली वाट दिसते. मला वाटतं, हक्कासाठी अडून बसलेला माणूस या गावाला ओळखीचा वाटला असणार.

आजी चौदाव्या वर्षी मागावर उभ्या राहिल्या. लाकडी तळव्याचे क्लॉग्ज घालून शेकडो बायका पहाटे दगडी रस्त्यावरून निघाल्या की झोपलेलं मूल जागं व्हायचं, असं त्या सांगत. धोटा म्हणजे मागावर आडवं सूत इकडून तिकडे नेणारा लाकडी तुकडा. त्यातली सुताची कांडी बदलली की धोट्याच्या भोकाला तोंड लावून सूत ओढून घ्यायचं, त्याला इथे धोट्याचा मुका म्हणायचे. एकच धोटा सगळ्यांच्या तोंडाला. त्यातून रोग पसरायचे आणि पुढचे दात किडायचे. मागांच्या आवाजात काही ऐकू येत नसे, म्हणून बायकांनी ओठ आणि हात यांची भाषा बनवली होती, तिला ‘मी-मॉ’ म्हणत. उन्हाळ्यात एक आठवडा सगळ्या गिरण्या एकदम बंद व्हायच्या आणि अख्खं गाव ब्लॅकपूलच्या समुद्रावर जायचं. शिमग्याला आणि गणपतीला लालबागच्या चाळी ओस पडायच्या, ते मी त्यांना सांगितलं होतं. त्यांनी विचारलं, “आणि तिकडे समुद्र आहे का?” मी म्हटलं, आमच्या संगमेश्वरात खाडी आहे. तेवढ्यावर त्या खूश झाल्या.

१९५९ च्या कायद्याने सरकारने जुने माग मोडीत काढायला पैसे दिले. चांगले चालणारे माग घणाने फोडताना आजींनी पाहिले.

माझे वडील लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि ते परत कधी आत गेले नाहीत. २००४ मध्ये आईबाबा आमच्याकडे आले तेव्हा मी बाबांना बर्न्लीच्या क्वीन स्ट्रीट मिलमध्ये नेलं. ती आता संग्रहालय आहे, आणि तेव्हा तिथे वाफेच्या इंजिनावर माग चालवून दाखवत. तुम्ही कधी आलात तर डार्वेनबरोबर तेही बघा. माग सुरू झाले आणि बाबा हात मागे बांधून उभे राहिले, अगदी जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, येताना उभं राहावं तसे. बाहेर येईपर्यंत बोलले नाहीत.

त्याच संध्याकाळी आजींनी चहाला बोलावलं. बाबांना इंग्रजी येत नव्हतं आणि आजींचं बोलणं तर मलाही कधीकधी कळत नसे. मी दुभाषी म्हणून बसले होते, पण दहा मिनिटांत माझी गरज संपली. आजींनी कपाटातून धोटा काढला. बाबांनी तो घेतला, बोटाने भोक चाचपलं, टोकाचं लोखंड अंगठ्याने पुसलं. मग त्यांनी दोन बोटं दाखवली. आजींनी चार दाखवली. बाबांनी माझ्याकडे वळून विचारलं, “चार साचे? एकटी बाई?” आजींनी विणकामाच्या टोपलीतून दोऱ्याचे दोन तुकडे काढले, टोकं जुळवली आणि बघता बघता गाठ मारून दिली. बाबांनी ती गाठ उजेडात धरली, आपल्या धोतराच्या सोग्यातून एक धागा ओढून तोडला आणि तीच गाठ मारून त्यांच्या हातात ठेवली. दोघं एकमेकांच्या गाठी ओढून बघत राहिले. एकही सुटली नाही.

निघताना बाबांनी मला एक प्रश्न विचारायला सांगितला. तो मला नीट इंग्रजीत करता येईना, कारण त्या शब्दात आमच्या घरची वीस वर्षं होती. “त्यांना विचार, गिरणी बंद झाल्यावर हिशेब मिळाला का?”

आजी म्हणाल्या, हो, थोडे पौंड मिळाले होते. त्यातून त्यांनी आतल्या खोलीला नवीन कागद लावला.

बाबांनी मान हलवली. “मिळाला ना,” म्हणाले, आणि चपला घातल्या.