वादळाच्या मार्गाचा ‘अंदाज’ की ‘भाकीत’?

प्रश्न असा आहे: चक्रीवादळ कुठे वळेल याबद्दल लिहिताना ‘अंदाज’ म्हणावं की ‘भाकीत’? विचारणाऱ्यांना ‘अंदाज’ ठोकताळ्यासारखा हलका वाटतो.

मला नेमकं उलट वाटतं. ‘भाक’ म्हणजे दिलेला शब्द. भाक देणं, आणाभाका यांत ती आहेच. त्यामुळे भाकीत एक तर खरं ठरतं, नाही तर खोटं. ‘अंदाज’ फारसीतला. तिथे ‘अंदाजा’ म्हणजे माप, आणि त्यावरूनच अरबीत भूमितीला ‘हंदसा’ हे नाव पडलं. आपल्या अंदाजपत्रकालाही कुणी ठोकताळा म्हणत नाही. आकडे मांडलेले असतात, आणि प्रत्यक्षात ते थोडे कमी-जास्त होणार हे सगळ्यांना मान्य असतं.

वादळाच्या अभ्यासात हेच चालतं. काही ठिकाणी विमानातून वादळात पॅराशूट लावलेली नळी सोडतात. समुद्रात पडेपर्यंत ती दाब, तापमान, आर्द्रता मोजत राहते; ती किती वाहवली त्यावरून वारा कळतो. तरीही सगळ्या हवेचं मोजमाप हाती येत नाही. म्हणून सुरुवातीचे आकडे किंचित बदलून संगणकावर तेच गणित पुन्हा पुन्हा सोडवतात. मध्यम पल्ल्याचे अंदाज देणारं युरोपीय केंद्र असे ५० फेरफार करून पाहतं. नकाशावर मार्गांचा झुपका उमटतो. रेषा एकमेकींना धरून असल्या तर भरवसा जास्त, फाकल्या तर कमी.

वादळाचा मध्य पुढे कुठे असू शकतो हे दाखवायला नकाशावर काढतात तो रुंदावत जाणारा शंकूही मापच आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय हरिकेन केंद्राची रूढ रीत अशी: मागच्या ५ वर्षांत अंदाज किती चुकले ते पाहायचं आणि त्यातल्या दोन-तृतीयांश चुका मावतील एवढी वर्तुळं मध्याच्या अंदाजित जागांभोवती काढायची; ती जोडली की शंकू होतो. म्हणजे साधारण एक-तृतीयांश वेळा वादळाचा मध्य शंकूबाहेर जाणार हे आधीच धरलेलं असतं. (वारा-पाऊस तर शंकूबाहेरही पोचतो, शंकू फक्त मध्याचा.) अंदाज ‘अमुक किलोमीटरनं चुकला’ असं म्हणता येतं. भाकिताबद्दल म्हणून पाहा, वाक्य अडखळतं.

खटकतं ते क्रियापद. ‘अंदाज वर्तवला’ असं सर्रास छापतात, पण वर्तवतात ते भविष्य. अंदाज बांधतात. मी तरी ‘वादळ उत्तरेकडे वळेल असा अंदाज बांधला आहे’ असंच लिहीन.