गुंडाळी की घडी?

प्रश्न: आठ दिवसांच्या विमानप्रवासाला मध्यम आकाराची सुटकेस नेते. सगळे कपडे गुंडाळून ठेवले तरी चुरगळतात आणि शाम्पूची बाटली हमखास गळते. काय चुकतं?

उत्तर: सगळंच गुंडाळता, तिथे चुकतं. टी-शर्ट, जीन्स, रात्रीचे कपडे यांची गुंडाळी उत्तम, पण घट्ट हवी. सैल गुंडाळी प्रवासात सरकते आणि तिला वेड्यावाकड्या सुरकुत्या पडतात. इस्त्रीचे सुती आणि लिननचे कपडे मात्र सपाट घडी करून सर्वांत वर ठेवा. घडीच्या मध्ये एखादा मऊ टी-शर्ट घातला, की कडक रेघ पडत नाही.

बूट आणि इतर जड वस्तू चाकांच्या बाजूला. त्या वर राहिल्या, तर बॅग उभी करताच खाली घसरतात आणि कपड्यांचा चोळामोळा करतात. बुटांच्या आत मोजे कोंबा. ही जागा बहुतेक जण वायाच घालवतात.

बाटलीचं कारण वेगळं आहे. उड्डाणात हवेचा दाब कमी होतो, बाटलीतली हवा प्रसरण पावते आणि शाम्पू बाहेर ढकलते. मऊ बाटली थोडी दाबून हवा काढा, तोंडावर पातळ प्लास्टिकचा तुकडा ठेवा, मग झाकण घट्ट लावा. तरीही बाटली चेनच्या पिशवीतच हवी. पॉवर बँक मात्र चेक-इनच्या बॅगेत चालत नाही. ती जवळच्या बॅगेत ठेवा.