व्हिटॅमिन ई वाढवायचं तर कोणती बी?

तुम्ही विचारलंय की, तीन महिने रोज दोन चमचे भाजलेले तीळ आणि मूठभर काजू खाताय, तर अंगातलं व्हिटॅमिन ई वाढेल का.

आधी काजूचं सांगते. गोव्यात घरोघरी काजू असतो, म्हणून त्यातच सगळं मिळतं असं आपण धरून चालतो. पण 100 ग्रॅम काजूत व्हिटॅमिन ई जेमतेम 1 मिलिग्रॅम, आणि अमेरिकी मानकाप्रमाणे मोठ्या माणसाला दिवसाला 15 लागतं. आपलं खोबरेल तेलही या बाबतीत रितंच.

तिळाची गोष्ट मात्र वेगळी आहे आणि मला ती फार आवडते. व्हिटॅमिन ईचे आठ प्रकार. यकृत त्यातला अल्फा प्रकार निवडून रक्तात परत पाठवतं, बाकीचे मोडून बाहेर टाकतं. तिळात अल्फा नाममात्र, जास्त असतो तो गामा. पण तिळातला सेसामिन नावाचा घटक हे मोडण्याचं काम मंद करतो, त्यामुळे रोज तीळ खाणाऱ्यांच्या रक्तात गामा वाढलेला दिसतो. म्हणजे तुमचे तीळ वाया जात नाहीत. फक्त रक्ताच्या रिपोर्टमध्ये बहुधा अल्फाच मोजतात, तो आकडा तिळांनी फारसा हलणार नाही.

अल्फा हवा तर सूर्यफुलाच्या सोललेल्या बिया घ्या. 20 ग्रॅम कच्च्या बियांत साधारण 7 मिलिग्रॅम मिळतं. खरपूस भाजल्या की थोडं कमी होतं, म्हणून मी मंद आचेवर रंग बदलायच्या आत उतरवते. भोपळ्याच्या बियांतही गामाच जास्त. बिया नीट चावून आणि जेवणासोबत खा. हे जीवनसत्त्व तेलात विरघळणारं, स्निग्ध पदार्थाशिवाय नीट शोषलं जात नाही. मी त्या भरड कुटून कोशिंबिरीवर घालते.

रक्ततपासणी केलीत तर कोलेस्टेरॉलही सोबत बघायला सांगा. व्हिटॅमिन ई रक्तात चरबीच्या कणांवर बसून फिरतं, त्यामुळे कोलेस्टेरॉल जास्त असेल तर त्याचा आकडाही फुगलेला येतो.

घाई म्हणून 400 युनिटच्या कॅप्सूल मात्र मनाने सुरू करू नका, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर मुळीच नाही. रक्तस्राव वाढू शकतो. बियांनी तो धोका नाही.

आणि एक, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात सुट्या बिया घेताना दोन-चार चावून बघा. खवट लागल्या तर त्यातलं व्हिटॅमिन ई आधीच खर्ची पडलेलं असतं. आपल्या दमट हवेत पावसाळ्यात तर त्या फ्रीजमध्येच ठेवा.