बोटीचं इंजिन स्लोवर थडथडतंय, पुराआधी काय करू?

प्रश्न : नमस्कार साहेब. आमचं गाव शिरोळ तालुक्यात, नदीकाठी. २०१९ च्या महापुरानंतर मंडळातल्या पोरांनी वर्गणी काढून फायबरची बोट आणि तिला एक जुनं आउटबोर्ड (बोटीच्या मागं बाहेरनं लावायचं) इंजिन घेतलं. टू-स्ट्रोक, २५ एचपी, दोन सिलेंडर, एक कार्बोरेटर. फुल रेसवर झकास पळतं, पण रेस कमी केली की थडथडतं, मधनंच कार्बोरेटरमधून फट्ट करून आवाज येतो आणि गिअर टाकला की बंद. गाडीच्या मिस्त्रीला दाखवलं, त्यानं आयडलचा स्क्रू आवळून रेस वाढवून दिली, आता बंद पडत नाही पण गिअर टाकताना खाडकन वाजतं आणि बोट झटका देऊन पुढं जाते. गेल्या पावसाळ्यापासून टाकीतलं पेट्रोल तेच आहे. पाऊस तोंडावर आलाय. – एक वाचक, शिरोळ तालुका

उत्तर : दादा, सगळ्यात आधी तो स्क्रू होता तिथं परत आणा. रेस वाढवून ठेवली की आजार झाकतो फक्त, आणि गिअर टाकताना जो खाडकन आवाज येतोय तो खालच्या गिअरबॉक्समधला, तिथं दात एकमेकांत अडकून गिअर पडतो आणि जास्त रेसवर ते दात झिजत जातात, मग एक दिवस ऐन पाण्यात गिअर सुटायला लागतो. दुसरं म्हणजे पुरात तुम्ही फुल रेसवर थोडीच फिरणार, तुमचं सगळं काम स्लोवरच, गल्लीतनं, विजेच्या तारांखालनं, कुणाच्या तरी जिन्याला बोट लावायची. तिथं बोट झटका देऊन पुढं गेली तर काय होईल हे तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून स्लो नीट झालंच पाहिजे.

आता तुम्ही जे लिहिलंय त्यातच अर्धं उत्तर आहे. फुल रेसवर ताकद पुरी लागते, म्हणजे दोन्ही सिलेंडर चालू आहेत, मेन जेट (जास्त रेसवर पेट्रोल सोडणारं भोक) मोकळा आहे. बिघडतं ते फक्त स्लोवर. आणि कार्बोरेटरमधून फट्ट होणं हे पेट्रोल कमी आणि हवा जास्त जात असल्याचं लक्षण. वर्षभराचं पेट्रोल, त्यात आता पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेलं, ते हवेतला ओलावा ओढून घेतं आणि पाणी जास्त झालं की इथेनॉल-पाणी खाली बसतं. कार्बोरेटरमधलं पेट्रोल उडून जातं, मागं चिकट राळ राहते, आणि कमी रेसवर पेट्रोल सोडणारा जो स्लो जेट, त्याचं भोक केसाएवढं असतं ते पहिलं बुजतं. माझा पहिला संशय तिथंच आहे.

पण लगेच कार्बोरेटर खोलायला बसू नका, आधी इंजिनाला विचारा. ड्रमात किंवा नदीत चालू करून (पाण्याशिवाय एक मिनिटसुद्धा नको, इंजिन थंड ठेवायला पाणी ओढणारं आतलं रबरी चाक, इम्पेलर, लगेच जळतं) थडथडायला लागलं की चोक अर्धा ओढा. सुधारलं तर पेट्रोल कमी पडतंय हे नक्की. मग चोक सोडून पेट्रोलच्या पाइपवरचा रबरी फुगा दाबत बसा, त्यानं सुधारलं तर दोष कार्बोरेटरच्या अलीकडं, म्हणजे फ्युएल पंपाचा पडदा, चिरलेला पाइप, नाहीतर टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडायचा राहिलाय. फुग्यानं काहीच फरक नाही आणि चोकनं सुधारतं, तर स्लो जेट.

त्यानंतर दोन्ही प्लग काढा आणि शेजारी शेजारी ठेवून बघा. ही पायरी कुणी टाळू नये असं मला मनापासून वाटतं कारण पाच मिनिटांचं काम आहे आणि लई काही सांगून जातं. तुमच्यात दोन सिलेंडरला मिळून एकच कार्बोरेटर आहे, त्यामुळं कार्बोरेटर खराब असेल तर त्रास दोघांनाही सारखा होणार. दोन्ही प्लग सारखेच दिसले तर कार्बोरेटरकडं जा. एक तांबूस कोरडा आणि दुसरा काळा ओला निघाला तर कार्बोरेटर खोलून उपयोग नाही, त्या एका सिलेंडरचा प्लग, कॅप, कॉइल नाहीतर कॉम्प्रेशन (सिलेंडरमधला दाब) बघा. एकच प्लग धुतल्यासारखा स्वच्छ दिसला तर हेड गॅस्केटमधून पाणी आत येतंय. कॉम्प्रेशन बघताना दोन्ही प्लग काढून तिथं दाबाचं गेज लावायचं, प्लगच्या वायरी बॉडीला अर्थ करायच्या नाहीतर सीडीआय (ठिणगी देणारा इलेक्ट्रॉनिक डबा) उडतं, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून दोरी ओढायची. आकडा किती आला यापेक्षा दोन सिलेंडरमधला फरक बघा, दहा टक्क्यांच्या आत असेल तर काळजी नाही.

आता कार्बोरेटर. आधी जुनं पेट्रोल टाकीतनं सगळं काढा, पाइप आणि फिल्टरमधलंही. कार्बोरेटर उतरवून जेट, फ्लोट, निडल, सगळे रबर आणि ओ-रिंग बाजूला काढा, कारण कार्ब क्लीनरनं रबर फुगतं. जेटमध्ये तार घालायची नाही म्हणजे नाही, भोक मोठं झालं की ते इंजिन परत कधी स्लोवर बसत नाही. क्लीनर मारायचा, भिजू द्यायचं आणि कॉम्प्रेसरची हवा मारायची, कोल्हापुरात उद्यमनगरला कुठल्याही वर्कशॉपात हवा मिळेल. थ्रॉटलच्या चकतीजवळ बारीक भोकं असतात तिकडं खास लक्ष द्या, पेट्रोलचा फवारा एका भोकातनं मारला की दुसरीकडनं निघाला पाहिजे. बहुतेक लोक नुसता खालचा वाटीसारखा भाग काढून पुसतात आणि साफ केलं म्हणतात, त्यानं काही होत नाही. बसवताना गॅस्केट नवीन. बसवल्यावर इनटेकच्या जोडावर हलका ऑइल स्प्रे मारून बघा, आवाज बदलला तर तिथनं हवा शिरतेय. एवढं करूनही कार्बोरेटरच्या तोंडातनं पेट्रोल मागं उडताना दिसलं तर रीडच्या पट्ट्या (कार्बोरेटरमागच्या एकाच बाजूला उघडणाऱ्या पातळ झडपा) बघा, एखादी तुटली नाहीतर उचलली गेली असेल.

मिक्स्चर स्क्रू (स्लोवरचं हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा) हलक्या हातानं शेवटपर्यंत आवळायचा (जोर लावला तर टोक बसतं) आणि दीड फेरा सोडायचा, सुरुवातीला तेवढं चालतं, मॅन्युअल असेल तर त्यातला आकडा घ्या. शेवटचं सेटिंग ड्रमात करू नका. ड्रमात सायलेन्सरचा धूर तिथल्या तिथं फिरून परत इंजिनात जातो, त्यामुळं चांगलं इंजिनसुद्धा थडथडतं आणि लोक उगाच स्क्रू फिरवत बसतात. बोट घाटाला दोन्ही बाजूंनी घट्ट बांधा, मागं पाण्यात कुणी नको, किल-स्विचची (ओढली की इंजिन बंद होणारी) दोरी हाताला, इंजिन गरम झालं की पुढचा गिअर टाकून मग स्क्रू थोडा थोडा फिरवा. फेऱ्याचा आठवा भाग फिरवायचा, पंधरा-वीस सेकंद थांबायचं, ऐकायचं. आत घेताना अडखळायला लागलं की तिथनं परत थोडा सोडायचा. अगदी काठावर ठेवू नका, जरा पेट्रोलच्या बाजूलाच राहू द्या, कोरडं चाललं तर पिस्टन धरतो, म्हणजे जाम होतो.

आणखी एक, पंचगंगेत जलपर्णी किती असते तुम्हाला माहीतच आहे. गिअर टाकला की बंद पडतं अशी तक्रार असेल तर पंखा एकदा काढून बघा, शाफ्टला जलपर्णी नाहीतर मासे धरायच्या जाळ्याचा नायलॉन दोरा गुंडाळलेला निघतो. दोऱ्यानं सील कापलं असेल तर गिअर ऑइल दुधासारखं पांढरं झालेलं दिसेल, मग सील बदलल्याशिवाय बोट पाण्यात घालू नका.

प्रश्न : त्याच इंजिनात बाइकचं टू-टी ऑइल चालतं का? किती घालायचं? – तेच वाचक

उत्तर : नको. पाण्यानं थंड होणाऱ्या आउटबोर्डला टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं ऑइल घ्या, बाइकच्या ऑइलनं प्लगवर राख धरते आणि स्लोवर त्रास होतो. तुमच्या इंजिनावर ५०:१ लिहिलं असेल तर १० लिटरला २०० मिली. अंदाजानं ओतू नका, माप ठेवा. घरातले लोक प्रेमानं जास्त ऑइल घालतात, त्यानं प्लग काळे होतात आणि मिश्रणात पेट्रोलचा वाटा कमी होऊन कार्बोरेटर उलट कोरडा पडतो.

प्रश्न : पूर ओसरल्यावर इंजिन कसं ठेवायचं? – एक वाचक, करवीर तालुका

उत्तर : गाळाच्या पाण्यात चालल्यावर स्वच्छ पाण्याच्या ड्रमात दहा मिनिटं चालवा, मागनं पाण्याची धार नीट येतेय का बघा, बारीक झाली असेल तर इम्पेलर बदला, वाळूनं त्याची पाती खाल्लेली असतात. मग पाण्यातच चालू असताना पेट्रोलचा पाइप काढा आणि आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या म्हणजे कार्बोरेटर रिकामा होईल. प्लग काढून प्रत्येक सिलेंडरमध्ये चमचाभर तेच टीसी-डब्ल्यू३ ऑइल सोडून दोरी दोन-तीनदा हळू ओढा. इंजिन उभंच टांगा, आडवं नको. आणि पावसाळा नसला तरी महिन्यातून एकदा ताजं पेट्रोल घालून चालवत जा, कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांची इशारा पातळी गाठायच्या आत हे इंजिन पहिल्या दोन ओढीत चालू झालं पाहिजे.