सी ड्राइव्ह लाल झालाय. काही न गमावता जागा कशी मोकळी करू?

तुम्ही लिहिलंय की लॅपटॉपला २५६ जीबीची एसएसडी (न फिरणारी, चिपची डिस्क) आहे, विंडोज ११ आहे, सी ड्राइव्हची पट्टी लाल झालीये, जेमतेम ४ जीबी उरलेत आणि जागा नाही म्हणून अपडेट अडलाय. ओळखीच्या कुणीतरी ‘एक क्लीनर टाका, दोन मिनिटांत साफ होईल’ असं सुचवलंय. पण वडिलांची कागदपत्रं आणि मुलीचे लहानपणापासूनचे फोटो त्याच मशीनवर आहेत, म्हणून तुमचा हात धजावत नाहीये. धजावत नाही तेच बरं. क्लीनर टाकू नका. असले क्लीनर रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही, साफ करतात. त्याने जागा मिळतच नाही, बिघाड मात्र होऊ शकतो.

मी ठाण्याच्या नौपाड्यात १४ वर्षं कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो. डेटा गेलेली मशीन घेऊन येणाऱ्यांकडून ‘जरा जागा करायला गेलो’ हे वाक्य मी फार वेळा ऐकलंय. एक प्रसंग सांगतो. मार्चचा शेवटचा आठवडा होता. गोखले रोडच्या मागच्या गल्लीतल्या एका कर सल्लागारांच्या ऑफिसातून फोन आला. तिथल्या मुलाला डिस्कवर नुसते आकडे हेच नाव असलेले पाच-सहा फोल्डर दिसले. नाव नाही, गाव नाही, म्हणजे कचराच असणार असं समजून त्याने शिफ्ट दाबून डिलीट केलं. ते टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरचे होते. टॅली प्रत्येक कंपनीचा डेटा अशाच आकडी नावाच्या फोल्डरमध्ये ठेवतं. शिफ्ट-डिलीट केलेलं रिसायकल बिनमध्ये जात नाही. फिरत्या हार्ड डिस्कवर वरून दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत पुसलेली फाइल बऱ्याचदा परत काढता येते. एसएसडीचं तसं नाही. फाइल डिलीट झाली की विंडोज एसएसडीला ट्रिमची आज्ञा पाठवतं आणि ती जागा आतून पुसली जाते. मी पोचलो तेव्हा काढण्यासारखं काही उरलं नव्हतं. शेवटचा बॅकअप दिवाळीतला. तिथून पुढच्या सगळ्या बिलांच्या एंट्र्या तीन माणसं आठवडाभर रात्री दहापर्यंत मारत होती. त्या मुलाचा चेहरा मला अजून आठवतो.

म्हणून ‘काय काय उडवू?’ हा प्रश्न जरा बाजूला ठेवा. आधी जागा कोण खातंय ते बघा, आणि जे सापडेल त्याची दुसरी प्रत कुठे आहे का ते विचारा. दुसरी प्रत असेल किंवा पुन्हा डाउनलोड करता येत असेल तरच ती फाइल काढायची.

एक हिशोब आधी मिटवू. २५६ जीबीची डिस्क विंडोजमध्ये २३८ जीबीच दिसते. त्यात कुणी जागा चोरलेली नाही. कंपनी १००० च्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या.

जागा कोण खातंय ते बघायला विनडिरस्टॅट किंवा ट्रीसाइझची फुकट आवृत्ती घ्या, तीही त्यांच्या मूळ साइटवरूनच. पूर्ण डिस्क वाचून झाली की फोल्डर आकारानुसार लागतात, विनडिरस्टॅटमध्ये तर रंगीत चौकोनच दिसतात. चार-पाच मोठे चौकोन निम्मी गोष्ट सांगून टाकतात. घणसोलीच्या एक निवृत्त शिक्षिका लॅपटॉप घेऊन आल्या होत्या. त्यांनी घाबरत घाबरत एकेक वर्ड फाइल उडवली होती. दोन तास बसून मिळाले १८ एमबी. चौकोन बघितले तर एकट्या मोबाइलसिंक नावाच्या फोल्डरने ६१ जीबी अडवलेले. तो त्यांच्या जुन्या आयफोनचा बॅकअप होता आणि फोन कधीच विकून झाला होता. नव्या फोनमध्ये सगळे फोटो आणि नंबर आलेत ना, हे त्यांच्यासमोर बसून तपासलं आणि मग आयट्यून्सच्या बॅकअपच्या यादीतूनच तो काढला. असलं काही सापडलं तर ते ज्या प्रोग्रॅमने बनवलं त्याच्याकडूनच काढून घ्यायचं, फोल्डरमध्ये घुसून नाही.

आता विंडोजचा स्वतःचा पसारा. सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज आणि तिथे टेम्पररी फाइल्स. यादी येईल. विंडोज अपडेट क्लीनअप, डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन, थंबनेल्स, तात्पुरत्या फाइल्स यांवर टिक करायला हरकत नाही. ‘प्रीव्हियस विंडोज’ असं काही दिसलं तर ती आधीची विंडोज आहे, तिनेच बरेच जीबी अडवलेले असतात. नवी आवृत्ती नीट चालतेय याची खात्री असेल तर काढा. पण काढल्यावर मागे जाता येत नाही. नाहीतरी १० दिवसांनी विंडोज ती स्वतःच काढतं.

त्याच यादीत ‘डाउनलोड्स’ असं एक नाव असतं. कृपा करून त्यावर टिक करू नका. यादीचं नाव टेम्पररी असलं तरी आपल्या घरांत डाउनलोड्स हेच कपाट असतं. महाभूलेखवरून काढलेला गावचा सातबारा, फॉर्म १६, विम्याच्या पावत्या, सोसायटीच्या मेंटेनन्सच्या पावत्या, वडिलांचे रक्ताचे रिपोर्ट सगळे तिथेच पडलेले असतात. इथून पुसलेलं रिसायकल बिनमध्येही सापडत नाही. तो फोल्डर स्वतः उघडा, आकारानुसार लावा, वरचे मोठे इन्स्टॉलर आणि झिप फाइल्स काढा. पीडीएफना हात लावू नका. हजार पीडीएफ उडवूनही अपडेटला पुरेल एवढी जागा क्वचितच होते.

अजून ३ जीबी हवेत? सी ड्राइव्हवर हायबरफिल नावाची लपलेली फाइल असते. ८ जीबी रॅमच्या मशीनवर ती साधारण ३ जीबीची असते. लॅपटॉप हायबरनेट करायची (म्हणजे उघडं काम डिस्कवर ठेवून मशीन पूर्ण बंद करायची) सवय नसेल तर कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि ‘powercfg /h off’ हे मधल्या दोन्ही स्पेससकट टाइप करून एंटर मारा. फाइल आपोआप जाते. फास्ट स्टार्टअपही बंद होतं, म्हणजे मशीन सुरू व्हायला थोडा जास्त वेळ लागेल. परत हवं असेल तर ‘ऑफ’च्या जागी ‘ऑन’.

विंडोज फोल्डरमधल्या विनएसएक्सएस आणि इन्स्टॉलर या दोन फोल्डरमधलं हाताने काहीही उडवू नका. विनएसएक्सएस अवाढव्य दिसतो, कारण त्यातल्या बऱ्याच फाइल्स बाकीच्या विंडोजशी हार्ड लिंकने जोडलेल्या असतात, म्हणजे एकच फाइल दोन ठिकाणी दिसते, आणि मोजताना त्या दोनदा धरल्या जातात. इन्स्टॉलर रिकामा केला तर त्या दिवशी काहीच कळत नाही. पुढे एखादा प्रोग्रॅम अपडेट किंवा अनइन्स्टॉल करायला गेलात की अडतो. पेजफाइलही (रॅम कमी पडली की विंडोज वापरतं ती फाइल) आहे तशी राहू द्या.

आता मुलीचे फोटो. माझा अंदाज आहे की तुमची मोठी जागा इथेच आहे, आणि फोटोंपेक्षा व्हिडिओंत जास्त. गॅदरिंगचे आणि गणपतीचे लांबलचक व्हिडिओ एका वेळी दोन-दोन जीबीचे असतात. एक टीबीची एक्स्टर्नल हार्ड डिस्क घ्या आणि जमलं तर दोन घ्या. फोटो त्यावर कॉपी करा, कट-पेस्ट नको. मधेच वायरला धक्का लागला तर कट-पेस्टमध्ये अर्धं इकडे, अर्धं तिकडे होतं आणि काय कुठे राहिलं ते शोधत बसावं लागतं. कॉपी झाल्यावर दोन्हीकडे राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघा. फाइलींची संख्या आणि बाइट्स तंतोतंत जुळले पाहिजेत. मग डिस्क काढून पुन्हा लावा आणि सुरुवातीचे, मधले, शेवटचे दहा-बारा फोटो आणि एक-दोन व्हिडिओ उघडून बघा. तरीही लगेच लॅपटॉपवरून उडवू नका. त्या डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर किंवा क्लाउडवर आणखी एक प्रत झाली की मगच. नाहीतर आज लॅपटॉपवर एकच प्रत आहे, उद्या ती डिस्कवर एकच असेल, आणि डिस्क टेबलावरून पडते. पावसाळ्यात ती कपाटात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा.

क्लाउडची गोष्ट निघाली म्हणून एक धोक्याची सूचना. तुमचा डेस्कटॉप किंवा डॉक्युमेंट्स फोल्डर वनड्राइव्हला, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडला, जोडलेला आहे का बघा. वनड्राइव्हच्या फोल्डरमधली फाइल डिलीट केली की ती क्लाउडवरूनही जाते. वनड्राइव्हच्या रिसायकल बिनमध्ये घरगुती खात्याला ३० दिवस मिळतात, बस. म्हणून डिलीट न करता त्या फाइलवर राइट क्लिक करून ‘फ्री अप स्पेस’ निवडायचं. मग फाइल क्लाउडवर राहते, लॅपटॉपवर नुसतं ढगाचं चिन्ह दिसतं आणि डिस्कवरची जागा सुटते. ज्या फाइलींना हिरवी बरोबरची खूण आहे त्यांच्यावरच हे करा. दोन गोल बाण दिसत असतील तर त्या अजून चढतायत, थांबा.

एवढं केल्यावर २० ते २५ जीबी मोकळे ठेवून मग अपडेट लावा. अजूनही जागा कमी पडली तर विनडिरस्टॅटच्या पडद्याचा फोटो इथे टाका. फोल्डरांच्या नावांत बँकेचा खाते क्रमांक किंवा घरच्यांची नावं असतील तर ती आधी झाका.