डार्कटेबलच्या कोडला हात लावण्याआधी

डार्कटेबल हे कॅमेऱ्याच्या रॉ (कच्च्या) फाइलींवर काम करणारं मुक्त सॉफ्टवेअर. सगळ्यात आधी रोजच्या वापरातली लायब्ररी, म्हणजे फोटोंच्या नोंदींचा डेटाबेस, बाजूला ठेवा. डेव्हलपमेंट आवृत्ती एकदा उघडली की ती डेटाबेस नव्या रचनेत बदलते, मग जुनी स्थिर आवृत्ती तो उघडायला नकार देते. म्हणून टर्मिनलमधून सुरू करताना कॉन्फिगडिर (--configdir) हा पर्याय देऊन वेगळं फोल्डर दाखवा. फोटोंच्याही प्रतीच वापरा, कारण प्रत्येक फोटोशेजारची, त्यावरचं संपादन नोंदवणारी एक्सएमपी फाइलही बदलते.

बिल्ड करताना, म्हणजे कोडपासून प्रोग्राम तयार करताना, ८ जीबी रॅम असेल तर एका वेळी २ ते ४ जॉब (समांतर कामं) पुरे. जास्त लावले की मेमरी संपते, कंपायलर मध्येच मरतो आणि माणूस उगाच कोडमध्ये चूक शोधत बसतो.

चाचणीला फोटो सोलापुरातच भरपूर. गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज धरणाऱ्यांची पांढरी बाराबंदी भर उन्हात फोटोत जळते, म्हणजे नुसती पांढरीफटक उमटते. हायलाइट रिकन्स्ट्रक्शन (असे जळलेले भाग सावरणारं मॉड्यूल) तपासायला अशाच फोटोची रॉ फाइल घ्या. चादरीच्या बारीक विणीवर रंगीत पट्टे दिसले तर डेमोझेकची (सेन्सरच्या नोंदींवरून रंग जुळवण्याची) पद्धत बदलून पाहा.

आणि मराठी टॅग! ‘कऱ्हाड’मधला ऱ युनिकोडात दोन प्रकारे लिहिता येतो: एकच अक्षर म्हणून, किंवा र आणि नुक्ता (खालचा टिंब). दिसायला सारखेच, पण नॉर्मलायझेशन (दोन्ही रूपं एकसारखी करणं) न करता तुलना केली तर शोधात जुळत नाहीत. असं काही सापडलं की आवृत्ती, पायऱ्या आणि नमुना फाइल जोडून प्रकल्पाकडे इश्यू (तक्रार) नोंदवा. पॅच (कोडमधला बदल) नंतर, आणि एका पॅचमध्ये एकच दुरुस्ती.