पॅरिसचा एक दिवस आणि वीस वर्षांची पॉलिसी

मिल्टन कीन्सहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय ३६, दोन वर्षांपूर्वी नाशिकहून ब्रिटनला गेले, पगार वर्षाला ४८ हजार पाउंड. पत्नी, आणि १० व ७ वर्षांची दोन मुलं. नाताळच्या सुट्टीत, रविवारी २८ डिसेंबरला, युरोस्टारने, म्हणजे लंडन-पॅरिस रेल्वेने, पॅरिसला जाऊन रात्री परत यायचं मनात आहे. चौघांची जाण्यायेण्याची तिकिटं ५६० पाउंडांना दिसत आहेत. प्रश्न असा: क्रेडिट कार्डावर तीन हप्त्यांत भरून जाऊन यावं, की थांबावं?

जाता जाता, इतर तपशिलांबरोबर, त्यांनी ही दोन वाक्यंही लिहिली आहेत. "परत भारतातच यायचं असल्याने इथल्या कंपनीच्या पेन्शनमधून आम्ही बाहेर पडलो, त्यामुळे हातात थोडे जास्त पैसे राहतात. तीन आठवड्यांपूर्वी बाबांच्या ओळखीच्या बँकेतल्या साहेबांनी एक गॅरंटीड पॉलिसी करून दिली, त्यामुळे भविष्याची चिंता नाही."

खरी चिंता या दोन वाक्यांचीच आहे, पण आधी पॅरिसचं उरकून घेऊ.

तुमच्या ५६० पाउंडांत व्हिसा धरलेलाच नाही. ब्रिटनचा व्हिसा फ्रान्समध्ये चालत नाही. भारतीय पासपोर्टला शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक व्हिसा, लागतो. मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५, म्हणजे चौघांचे २७० युरो. त्यावर व्हिसा केंद्राचं माणशी सेवाशुल्क आणि किमान ३० हजार युरोंचा प्रवासी वैद्यकीय विमा. साडेतीनशे पाउंड सहज जातील, आणि शुल्क एका दिवसाला तेवढंच, दहा दिवसांना तेवढंच. अर्ज प्रवासाच्या किमान १५ दिवस आधी द्यावा लागतो आणि सुट्टीच्या तोंडावर अपॉइंटमेंट मिळणं हाच एक उद्योग असतो. पॅरिसमधलं खाणं-फिरणं दोनशे धरलं तरी सहल अकराशे पाउंडांवर गेली.

एवढ्यात मिळतं काय? सकाळी आठची गाडी धरलीत तर सव्वादोन तासांत पोचाल, पण तिथलं घड्याळ एक तास पुढे, म्हणजे सव्वाअकरा वाजून गेले. संध्याकाळी सातच्या गाडीसाठी साडेपाच-सहाला स्टेशनवर हजर, कारण पासपोर्ट तपासणी गाडीत बसण्याआधी होते. डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. हाती सहा तास, आणि त्यातले किती आयफेल टॉवरच्या रांगेत जातील ते मुलांना विचारा. शिवाय रविवारी पहाटे घरून लंडनला यायला गाडी आहे का, तेही आधी बघा. नाताळच्या आठवड्यात तिकडे रेल्वेमार्गांची कामं काढलेली असतात. या वर्षी जाऊ नका. मुलांच्या वसंतातल्या सुट्टीत तीन-चार दिवस जा, तिकीट लवकर काढा. व्हिसाचा खर्च तोच राहील, उजेड मात्र कितीतरी जास्त मिळेल.

आता न विचारलेलं.

पॉलिसीचं तुम्ही लिहिलंय ते असं: वर्षाला २ लाख, १० वर्षं, विसाव्या वर्षाअखेर ३८ लाख. साहेबांचं म्हणणं, "जवळजवळ दुप्पट". वीस वर्षांत दुप्पट, याला सव्वाचार टक्क्यांच्या आत-बाहेरचा परतावा म्हणतात. त्यांच्याच बँकेची साधी एफडी यापेक्षा बरी पडेल. "गॅरंटीड" हा शब्द ऐकला की आपल्याकडे माणसं कॅल्क्युलेटर खाली ठेवतात, आणि विकणाऱ्याला ते नेमकं ठाऊक असतं. "करमुक्त" हाही तसलाच शब्द. तो भारतापुरता, पॉलिसीचे पैसे मिळताना ब्रिटनमध्येच राहत असाल तर परदेशी पॉलिसीच्या नफ्यावर तिथला कर लागू शकतो. विमा म्हणावा तर २२ लाखांचा. चौघांच्या घराला तो किती महिने पुरेल?

आता सोडलेल्या पेन्शनकडे या. ब्रिटनमधला किमान नियम असा की पगाराच्या ६,२४० ते ५०,२७० पाउंडांमधल्या भागावर ८ टक्के जमा व्हायला हवेत: ३ कंपनीचे, ५ तुमचे, आणि त्या पाचातला एक करसवलतीतून येतो. तुमच्या पगारावर हिशेब केला तर तुमच्या खिशातून वर्षाला जातात साधारण १,६७० पाउंड आणि खात्यात पडतात ३,३४०. एक पाउंड १२० रुपये धरा. १,६७० म्हणजे २ लाख रुपये. नेमका तुमचा प्रीमियम!

म्हणजे जे २ लाख तिकडे पहिल्याच दिवशी ४ लाख झाले असते, ते उचलून तुम्ही वीस वर्षांनी दुप्पट होण्यासाठी नाशिकला पाठवलेत. शिवाय दोन वर्षांचा कंपनीचा वाटा, अडीच हजार पाउंड, सोडलात तो निराळाच. त्यात पॅरिसच्या दोन सहली बसल्या असत्या, त्याही हप्त्यांशिवाय.

"परत यायचं आहे" हे कारण होऊ शकत नाही. नाशिकला परतलात तरी तो पैसा तुमच्याच नावावर राहतो. २०२८ पासून तो ५७व्या वर्षी काढता येईल. तुमची पॉलिसी तुम्हाला ५६व्या वर्षी पैसे देणार आहे. अडकून पडण्याची तक्रार असेल तर ती दोन्हीकडे सारखीच आहे. पेन्शनचा पैसा बाजारात असतो, खाली-वर होईल, आणि काढताना साधारणपणे पाव हिस्सा करमुक्त, उरलेल्यावर कर, हे मान्य. पण सुरुवातच दुपटीने होते म्हटल्यावर बराच मार सोसता येतो. पगारातून नॅशनल इन्शुरन्स (सरकारी सामाजिक विम्याची वर्गणी) कापला जातोच, असंही तुम्ही लिहिता. ती सरकारी पेन्शन वेगळी, आणि तिच्यासाठी किमान १० वर्षं भरावी लागतात.

तर घाईने करायचं काम तिकिटाचं नाही. पॉलिसी हातात किंवा मेलवर आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते, याला फ्री-लुक म्हणतात. तुमचे तीन आठवडे गेलेत, म्हणून हे उत्तर छापायच्या आधी तुम्हाला मेलवर पाठवलं आहे. विमा कंपनीला आजच लेखी कळवा आणि पोच घ्या. साहेबांना फोन करत बसू नका, ते "थोडं थांबा, मी बघतो" म्हणतील आणि मुदत उलटेल. मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणी आणि झालेल्या दिवसांचा विम्याचा खर्च कापून बाकी परत येईल. बाबांना संकोच वाटेल, तो त्यांना समजावून सांगा. पॉलिसी त्यांच्या ओळखीवर झाली, पण हप्ते तुम्ही भरणार आहात.

एचआरला दोन ओळींची मेल करा: पेन्शनमध्ये पुन्हा यायचं आहे. त्यांना नाही म्हणता येत नाही. त्याच मेलमध्ये विचारा की नोकरीत असताना मृत्यू झाल्यास कुटुंबाला किती रक्कम मिळते, आणि ती बघून उरलेल्या गरजेपुरता निव्वळ टर्म विमा, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा, घ्या.

आणि प्रीमियम ज्या जुन्या बचत खात्यातून गेला ते अजून निवासी खातंच दिसतंय. अनिवासी झाल्यावर ते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं रुपयांतलं खातं, करून घ्यावं लागतं. दोन वर्षं राहून गेलंय, तेवढं करून टाका.